मैदानाच्या दुसऱ्या टोकाला

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही मूळचे सांगलीकडचे. गेली ११ वर्षं मेलबर्नच्या पश्चिम उपनगरात राहतो. माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. इथल्या पोरांसारखाच तोही फूटीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, नादाला लागला आणि मला त्याचा अभिमानच वाटत आला. मागच्या मोसमात फुल-फॉरवर्डला, म्हणजे सगळ्यात पुढे समोरच्यांच्या गोलाजवळ, खेळून त्याने ३७ गोल मारले. दर रविवारी त्याची आजी व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न विचारायची, "किती गोल झाले रे?" यंदा चौथ्या सामन्यापासून नव्या कोचने त्याला एकदम मागे, फुल-बॅकला नेलं. आम्हाला काही सांगितलं नाही. सहा सामने झाले, एकही गोल नाही. वर समोरच्या संघातला सगळ्यात दांडगा पोरगा दर वेळी ह्याच्याच अंगावर. पूर्ण सामना उभा असतो, मिनिटभर बाहेर बसवून दमही घेऊ देत नाहीत. मी स्वतः दहा वर्षं कबड्डी खेळलो, चढाईला. चढाई करणाऱ्याचं नाव होतं, मागे साखळी धरणाऱ्याला कोण विचारतो? मुलगा घरी काही बोलत नाही. "ठीक आहे बाबा," एवढंच म्हणतो आणि खोलीत जातो. आपला रंग आड आला का, असंही मनात येतं. कोचशी बोलू का? क्लब बदलू का? वेस्टर्न जेट्स या आमच्या भागातल्या होतकरू मुलांच्या संघात निवडीचं स्वप्न होतं, ते संपलं का? कृपया नाव छापू नका.

उत्तर

नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. अख्ख्या पत्रात तुमच्या मुलाचे स्वतःचे शब्द तीन आहेत: ठीक आहे बाबा. बाकीची सगळी तळमळ तुमची आहे. ती खोटी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण ती नेमकी कुणाची, हे आधी पाहून घेऊ या, कारण कोचशी काय बोलायचं ते त्यावर ठरणार आहे.

हे सदर नाशिकला आणि कोल्हापूरलाही वाचतात, म्हणून हा खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगते. फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल, एका बाजूला १८ खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेने मारलेला चेंडू गेला तर गोल, ६ गुण. शेजारच्या फटीतून गेला तर 'बिहाइंड', १ गुण. ऑफसाइड नाही आणि गोलकीपरही नाही. गोलासमोर जो शेवटचा उभा असतो तो फुल-बॅक. त्याच्या हातात मोजे नसतात आणि त्याला इतरांहून वेगळा कुठलाही हक्क नसतो. आणि आणखी एक नियम, तो पुढे कामाला येईल: गोलात जाणाऱ्या चेंडूला बचाव करणाऱ्याचं बोट जरी लागलं तरी ६ ऐवजी १ च गुण मिळतो.

आता तुमच्या मनातली सगळ्यात जड शंका आधी घेते. रंगाची. ती मी उडवून लावणार नाही. १९९३ मध्ये व्हिक्टोरिया पार्कच्या मैदानावर निकी विनमारला प्रेक्षकांनी इतकं छळलं, की सामना संपल्यावर त्याने जर्सी वर करून आपल्या त्वचेकडे बोट दाखवलं. तो फोटो इथे सगळ्यांना माहीत आहे. अॅडम गुड्स दोनदा ब्राउनलो पदक, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळवलेला खेळाडू, आणि २०१५ मध्ये निवृत्त होईपर्यंत शेवटी शेवटी मैदानामैदानात त्याची हुर्यो उडवली गेली. लीगने त्याची माफी मागितली ती २०१९ मध्ये. दोघेही इथले मूळ रहिवासी. तेव्हा परदेशात राहणाऱ्या बापाच्या मनात हा प्रश्न येणं यात गैर काही नाही.

पण ही गोष्ट ओळखायची कशी, ते मला अनुभवाने माहीत आहे. माझा धाकटा १३ वर्षांचा असताना त्याला बॅक पॉकेटला टाकलं होतं. लहान मुलांच्या संघांत ही कोपऱ्यातली जागा पुष्कळदा ज्याचं काय करायचं ते कळत नाही अशा मुलाला मिळते. त्याच्यावर समोरचा सर्वांत कच्चा खेळाडू सोडलेला असायचा. प्रत्येक क्वार्टरमधला अर्धा वेळ तो बाकावर. कोच त्याच्याशी शब्दही बोलत नसे. आम्ही दोनदा विचारलं, दोनदा "बघू" असं उत्तर आलं. मोसम संपल्यावर आम्ही क्लब बदलला आणि तो निर्णय योग्यच होता.

तुमच्या पत्रात मात्र याच्या बरोबर उलट लिहिलंय, आणि तेही तक्रार म्हणून. समोरचा सगळ्यात दांडगा पोरगा ह्याच्याच अंगावर देतात. पूर्ण सामना उभा ठेवतात. अहो, ज्याच्यावर कोचचा भरवसा नाही त्याला असं कोणी वापरत नाही! ज्या जागी एक चूक झाली की थेट सहा गुण जातात, तिथे ह्या माणसाने तुमच्या मुलाला उभं केलंय आणि तिथून हलवायला तो तयार नाही. कोच तुमच्याशी बोलला नाही ही त्याची चूक, ती राहतेच. पण त्याने मुलाला अडगळीत टाकलेलं नाही.

मग पुढून मागे का नेलं? मला कोचच्या मनातलं ठाऊक नाही, पण असं करण्यामागे सहसा काय असतं ते ठाऊक आहे. पोरगं वर्षभरात उंच होतं. संघात उंच मुलं दोनच असतात आणि मागे भगदाड पडलेलं असतं. किंवा कोचच्या लक्षात येतं, की ह्याला हवेतला चेंडू इतरांच्या आधी कळतो. शिवाय वरच्या पातळीवर खेळच बदललाय. एएफएल या इथल्या सर्वोच्च लीगमध्ये २०१९ पासून मैदानाच्या मधून चेंडू उडवून खेळ सुरू करताना दोन्ही संघांचे सहा-सहा खेळाडू पुढे, सहा मध्ये आणि सहा मागे उभे असावेच लागतात. पूर्वी सामना हातातून जायला लागला की एक जादा माणूस मागे आणून ठेवायचे. मधून चेंडू उडताना आता ते जमत नाही. मागचा एकटा आणि समोरचा एकटा, अशी गाठ पडते. तिथे न डगमगणारा गडी मिळाला तर कोच त्याला सोडत नाही.

तुम्ही म्हणता, मागच्याला कोण विचारतो. मी तुम्हाला एक दुपार सांगते.

२४ सप्टेंबर २००५. मेलबर्नचं एमसीजी. सिडनी स्वान्स आणि वेस्ट कोस्ट ईगल्स यांचा अंतिम सामना. सिडनी चार गुणांनी पुढे, म्हणजे समोरच्याला एक गोल पुरे. घड्याळात मोजके सेकंद उरलेत. वेस्ट कोस्टचा डीन कॉक्स चेंडू उंच उचलून गोलासमोरच्या गर्दीत टाकतो. सगळे वर बघतायत, सगळे एकमेकांना रेटतायत. तेवढ्यात सिडनीचा बचावपटू लिओ बॅरी बाजूने धावत येऊन त्या घोळक्यावर झेपावतो आणि चेंडू दोन्ही हातांत घट्ट धरतो. भोंगा वाजतो. ५८-५४. या क्लबने त्याआधीचं विजेतेपद १९३३ साली मिळवलं होतं, तेव्हा त्याचं नाव साउथ मेलबर्न होतं. ७२ वर्षांची वाट त्या एका झेलाने संपली. त्या सामन्यात गोल कोणी कोणी मारले हे सिडनीच्या चाहत्यांनाही आठवून सांगावं लागेल. बॅरीचा झेल मात्र कोणीही डोळे मिटून सांगेल.

आणि हा लिओ बॅरी कारकिर्दीच्या सुरुवातीला पुढे खेळायचा. गोलासमोर चेंडू हवेत असताना मागच्याने बुक्की मारून तो लांब उडवायचा, झेलाच्या मोहात पडायचं नाही, हा बचावातला पहिला धडा. बॅरीने त्या क्षणी तो धडा बाजूला ठेवला. पुढे खेळलेल्या माणसाचे हात होते ते, त्यांनी चेंडू धरला.

तुम्ही बाप आहात म्हणून दुसरी गोष्ट डार्सी मूरची सांगते. त्याचे वडील पीटर मूर हे कॉलिंगवूडचे मोठे खेळाडू. दोन क्लबांकडून खेळताना, १९७९ आणि १९८४ मध्ये, दोनदा ब्राउनलो पदक मिळवलेले. मुलगा त्याच क्लबात आला, उंच, वेगवान, आणि सगळ्यांनी ठरवून टाकलं की हा पुढच्या फळीचा तारा होणार. पहिली काही वर्षं तो पुढेच खेळला, गोलही मारले. मग क्लबने त्याला मागे नेलं. मध्ये मांडीच्या दुखापतींनी त्याला छळलं. पण मागे तो असा रुजला, की २०२० मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम संघात, ऑल-ऑस्ट्रेलियनमध्ये, त्याची निवड झाली आणि २०२३ मध्ये कॉलिंगवूडने त्याला कर्णधार केलं. त्याच वर्षी अंतिम सामन्यात त्यांनी ब्रिस्बेनला ९०-८६ असं हरवलं. चषक द्यायला मंचावर पीटर मूर उभे होते. त्यांना स्वतःला खेळाडू म्हणून तो कधी मिळाला नव्हता. तो त्यांनी मुलाच्या हातात दिला. तिथे मुलाच्या गोलांची चौकशी कोणी केली नाही.

अशी नावं आणखी आहेत. हॉथॉर्नचा जेम्स सिसिली पुढे खेळायचा, २०१७ पासून मागे स्थिरावला, पुढे त्याच क्लबाचा कर्णधार झाला. कॉलिंगवूडचाच जेरेमी हाउ आधीच्या क्लबात असताना २०१२ च्या सर्वोत्तम झेलाचा मानकरी होता. नव्या क्लबात तो मागे आला आणि तीच उडी तिथे कामी आली. कार्लटनच्या लियाम जोन्सला पुढे जागा टिकवता येत नव्हती, तेव्हा तो दुय्यम संघात जाऊन बचाव शिकला आणि २०१७ मध्ये मागचा खेळाडू म्हणून मुख्य संघात परतला. उलटंही होतं: मेलबर्नचा टॉम मॅकडोनल्ड मागून पुढे गेला, पुढे खेळून २०२१ चं विजेतेपद मिळवलं आणि नंतर पुन्हा मागे आला. अशा दोन्हीकडच्या खेळाडूला इथे 'स्विंगमॅन' म्हणतात. कोचच्या फळ्यावर नावांचे लोहचुंबक असतात, ते इकडचे तिकडे सरकतात. कायमचं कोरलेलं त्यात काही नसतं.

आता कबड्डीचं बोलू. तुम्ही दहा वर्षं चढाई केलीत. मला एवढंच सांगा, तुमचा घोटा धरून तुम्हाला मध्यरेषेपासून हातभर अंतरावर पाडणारा एखादा कोपरा तुम्हाला आजही आठवत असेल ना? त्याचं गाव, त्याचं नाव, तो डावीकडे उभा असायचा की उजवीकडे? चढाईला जायच्या आधी तुम्ही त्याचेच पाय बघत होता. प्रेक्षक विचारत नसतील त्याला, पण तुम्ही तर रात्री झोपताना त्याचा विचार करत होता. तुमचा मुलगा आता त्या जागेवर आहे. समोरच्या संघातल्या त्या दांडग्या पोराच्या घरी शनिवारी रात्री बहुतेक तुमच्या मुलाबद्दल बोलणं होत असेल.

आणि त्याच्या हातात एक मोठं भांडवल आहे. ३७ गोल मारताना तो बचावपटूला फसवायला शिकलाय. आधी खोटी धाव घ्यायची, खांद्याने हलकेच सरकवायचं, चेंडू येईपर्यंत अंग मध्ये ठेवायचं. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. मात्र दोन गोष्टी त्याला नव्याने शिकाव्या लागतील आणि त्या वाटतात तितक्या सोप्या नाहीत. पुढे खेळताना नजर फक्त चेंडूवर असली तरी चालून जातं, कुठे धावायचं ते आपण ठरवतो. मागे चेंडूही बघायचा आणि माणूसही, आणि दोघांतला कोण आधी हलतोय ते लाथ बसायच्या आधीच ओळखायचं. दुसरी गोष्ट बुक्कीची, ज्याला इथे स्पॉइल म्हणतात. ज्याचे हात झेलायला शिकलेत त्याला मूठ वळायला जड जातं. शिवाय मूठ फक्त चेंडूला लागली पाहिजे. समोरच्याच्या दंडावर फटका बसला की त्याला फ्री किक मिळते, आणि गोलासमोरची फ्री किक म्हणजे जवळजवळ सहा गुण. कधी कधी हसत हसत एक गुण देऊन टाकण्यातही शहाणपण असतं. २००८ च्या अंतिम सामन्यात हॉथॉर्नच्या बचावाने अकरा वेळा चेंडू आपणच बिहाइंडमधून बाहेर जाऊ दिला आणि सामना जिंकला. पुढच्या वर्षी नियम बदलला. आता अंगावर कोणी आलेलं नसताना मुद्दाम तसं केलं तर फ्री किक जाते. असे बारकावे शिकायला डोकं लागतं, म्हणून दोन-चार सामन्यांत हा बदल जमत नाही. त्याला निदान हा मोसम द्या.

यात तुम्ही कामाला येऊ शकता, आणि खरं तर तुमच्यासारखा बाप मिळायला नशीब लागतं. संध्याकाळी शेरिन, म्हणजे फूटीचा चेंडू, घेऊन पार्कात जा. घरातलं तिसरं कोणीतरी चेंडू उंच फेकेल. तुम्ही फॉरवर्ड व्हा, त्याला मागे ठेवा. त्याने तुमच्या दंडाला न लागता चेंडूवर मूठ मारायची. चढाई करणाऱ्याला अंगाचा तोल आणि हुलकावणी जेवढी कळते तेवढी इथल्या कुठल्या बापाला कळणार? त्याला फसवा. मनापासून फसवा. तो तुम्हाला पकडायला लागेल तेव्हा तुम्हाला कळेल त्याचं काय चाललंय ते.

कोचशी बोलायचं का? हो. पण पहिल्यांदा तुम्ही नाही. आणि सामन्याच्या दिवशी तर नाहीच, तेव्हा त्याचं डोकं चाळीस ठिकाणी असतं. आठवड्यातल्या सरावाच्या वेळी मुलाने स्वतः जाऊन दोन प्रश्न विचारावेत: मला मागे ठेवण्यामागे तुमच्या मनात काय आहे, आणि मी आधी काय शिकू? "मला परत पुढे कधी नेणार" हा प्रश्न त्या दिवशी नको. पंधराव्या वर्षी मोठ्या माणसाला असं विचारणं अवघड जातं, आपल्या घरांत वाढलेल्या मुलांना जास्तच. आदल्या रात्री तुमच्याबरोबर एकदा म्हणून बघू द्या. कोचने नीट उत्तर दिलं, तर महिन्याभराने मुलगा हेही विचारू शकेल, की एखादं क्वार्टर पुढे खेळू का. टाळाटाळ झाली, वेळ कापायला लागले, कोणी काही घाणेरडं बोललं, तर मग तुम्ही जा, आणि थेट क्लबाच्या समितीकडे जा, लेखी. तशी वेळ आली तर मला जरूर लिहा. क्लब बदलायचा विचार तोपर्यंत बाजूला ठेवा.

वेस्टर्न जेट्सचं स्वप्न संपलेलं नाही. त्यांनाही मागे उभी राहणारी मुलं लागतातच. झेल घेणारा, आणि झेलल्यावर लांब, अचूक लाथ मारणारा मागचा खेळाडू सगळेच शोधत असतात, कारण हल्ला तिथूनच सुरू होतो. ३७ गोल मारणाऱ्याचा पाय सरळ आहे हे उघड आहे. तो पाय आता गोलाकडे तोंड करून नसेल, एवढाच फरक.

राहता राहिलं ते "ठीक आहे बाबा". तो खोलीत का जातो, मला माहीत नाही. कदाचित खरंच वाईट वाटत असेल. कदाचित नव्या कामाने अंग आणि डोकं दोन्ही थकत असेल. पण असंही असू शकतं, की गाडीत बसल्यावर तुमच्या चेहऱ्यावरची निराशा त्याला दिसते आणि तिला काय उत्तर द्यावं ते त्याला सुचत नाही. मला एक विचारू द्या, तुम्ही सामना बघायला कुठे उभे राहता? मागच्या वर्षी आपला संघ ज्या टोकाला गोल मारायचा तिथे असणार, आणि दर क्वार्टरला टोकं बदलली की तुम्हीही मैदानाला वळसा घालून त्या टोकाला जात असणार. यंदाही पाय सवयीने तिकडेच जात असतील. तुमचा मुलगा दुसऱ्या टोकाला आहे. येत्या रविवारी त्याच्या मागे, तो राखतो त्या खांबांच्या मागच्या कठड्याला जाऊन उभे राहा. चारही क्वार्टर. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरनंतर कोच मैदानात मुलांना गोळा करतो, तेव्हा इथल्या क्लबांत आईबाप पण जवळ जाऊन ऐकतात. तुम्हीही जा, काही बोलू नका, कोच तुमच्या मुलाला काय सांगतो तेवढं ऐका.

खिशात एक छोटी वही ठेवा. किती वेळा मूठ मारून चेंडू उडवला, समोरच्याला आलेला चेंडू किती वेळा आधीच झेलला, किती वेळा मागून चेंडू बाहेर काढून दिला, आणि समोरच्या दांडग्याने किती गोल मारले. चेंडूला बोट लावून एकदा जरी गोल अडवला तरी पाच गुण वाचवले असं लिहा, कारण ते खरंच तेवढे असतात. गाडीत त्याला वही दाखवू नका, विचारल्याशिवाय. त्याला फक्त विचारा, "तिसऱ्या क्वार्टरला तो डावीकडे वळणार हे तुला आधी कसं कळलं?" असा प्रश्न विचारला की पंधरा वर्षांची मुलं बोलतात. माझा तरी बोलायचा, आणि मग घर येईपर्यंत थांबायचा नाही.

आणि आजी. त्यांना आधी एक फोन करून खेळ समजावून सांगा. सांगलीच्या बाईला पकड समजवायला वेळ लागणार नाही. नातू आता कोपऱ्याला उभा असतो म्हणा, त्यांना पुरेल. मग रविवारी कॉल आला की त्या विचारतील, "समोरच्याने किती मारले रे?" तेव्हा फोन त्याच्या हातात द्या आणि तुम्ही चहा टाकायला आत जा.